पातळ केलं, तरी मी उरलोच

मित्रांनो, मी मूत्रपिंडातला जुना रहिवासी आहे. मोठी माणसं मला प्रतिजन म्हणतात. नाव जड असलं तरी मी आहे साधा प्रथिनाचा रेणू. शरीरात दुसरीकडे कुठे शोधाल, तर मी सापडणार नाही. काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे राबणाऱ्या एका काकांच्या मूत्रपिंडात, एका बारीक नळीच्या पेशीत माझा जन्म झाला. तिच्याच भिंतीला मी चिकटून राहिलो.

गाळून आलेल्या पाण्यातलं उपयोगाचं तेवढं रक्तात परत पाठवायचं, हे आमच्या पेशीचं काम. कौतुकाचं मात्र नाव नको! हृदयाची धडधड सगळ्यांना ऐकू येते, आम्हाला विचारतो कोण?

काका घामाने निथळायचे, पण पाणी प्यायचे नाहीत. "प्यायलो की सारखं बाहेर पळा. तोवर काच थांबते का?" असं म्हणायचे. वर कंबर दुखते म्हणून मनानेच गोळ्या घ्यायचे. अहो, सोसायचं तरी किती? एक दिवस आमची पेशी फाटली आणि मी लघवीच्या वाटेने बाहेर फेकला गेलो.

नेमकी तेव्हाच कारखान्यात तपासणी होती. लघवी गडद दिसली तर डॉक्टरबाई भट्टीवरून उठवतील, म्हणून तिथले कामगार तपासणीच्या बाटलीत गुपचूप नळाचं पाणी ओतायचे. काकांनीही ओतलं. असा संताप आला मला! बुडवता काय? ओता आणखी!

मला नेमकं ओळखणारी प्रथिनं चाचणीत असतात. त्यांनी त्या पाण्यातही मला घट्ट धरलं. रक्ताच्या तपासणीत अजून काहीच दिसत नव्हतं.

"काका, यात पाणी घातलंत ना?" बाटलीतली फिकट लघवी दाखवत डॉक्टरबाईंनी विचारलं.

निकाल ऐकायला सोबत आलेली त्यांची मुलगी उसळली, "बाबा! फसवलंत कुणाला?"

"भट्टी सुटली तर मी करू काय?" काका म्हणाले.

"मूत्रपिंड गेल्यावर काय कराल?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "अजून वेळ गेलेली नाही. सध्या भट्टी नको, आणि या गोळ्या तर अजिबात नकोत."

काकांनी खिशातल्या गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या आणि मुलीकडे प्यायला पाणी मागितलं. खरं सांगतो, मला रडू आलं.

आता उरलेल्या लघवीबरोबर मलाही मोरीत ओततील. खुशाल ओता! मी परत जाऊ शकत नाही, पण माझी मागे राहिलेली भावंडं तगतील. मित्रांनो, आम्ही लघवीत दिसलो तर नाक मुरडू नका, लपवू तर मुळीच नका. घर मोडल्याशिवाय आम्ही बाहेर पडत नाही.