पाळण्याच्या पायाखालची कादंबरी

"बाळाकडे सगळे बघतील. तुमच्याकडे कोण बघणार, ते आधी ठरवा," दवाखान्यातून घरी सोडताना सिस्टरने तिला बजावलं होतं.

ती हसली. "सिस्टर, मी काय लहान आहे?"

सिस्टर हसली नाही. "झोप उडाली, जेवण नकोसं झालं, आरशात बघावंसं वाटेना, तर कोणाला तरी सांगा. ठीक आहे, ठीक आहे म्हणत बसू नका."

"हो हो," ती म्हणाली आणि तिने पिशवीची चेन ओढली.

मित्रांनो, त्या पिशवीत, दुपट्यांच्या तळाशी मी होते. ते शब्द मी नीट ऐकले. तिने नाही ऐकले.

मी एक जुनी कादंबरी आहे, आणि तीही कसली, तर एका रक्तपिपासूच्या प्रेमाची. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. नाकं मुरडणारे मी खूप पाहिलेत. त्यांतल्या निम्म्यांनी मला नंतर चोरून वाचलंय.

माझा जन्म एका तळघरातल्या छापखान्यात झाला. कागद असा की बोट ओलं करून पान उलटलं तर थोडी शाई बोटालाच यायची. मुखपृष्ठ काढणाऱ्या चित्रकाराने मला वाचण्याची तसदी घेतली नाही. माझा नायक आरशात दिसत नाही, हे आतल्या पानांत दहादा सांगितलंय; मुखपृष्ठावर मात्र त्याच्या मागच्या आरशात त्याचा भांगसुद्धा दिसतो. लोक हसतात. हसू दे. लाजायचं असेल तर चित्रकाराने लाजावं, मी का?

माझ्या पोटातली गोष्ट थोडक्यात सांगते. एक रक्तपिपासू माणसांमध्ये माणूस म्हणून राहतो. तो घड्याळं दुरुस्त करतो आणि दिवे लागल्यावर दुकान उघडतो. माणसाच्या वाटेला जायचं नाही, अशी त्याने शपथ घेतली आहे. खाटीक त्याला मागच्या दाराने रक्ताचा डबा देतो. खाटकाला वाटतं, ह्यांच्याकडे कुत्रा आहे. तो अगदी मनापासून कुत्र्याची तब्येतही विचारतो.

दुकानाच्या वर एक शिवणकाम करणारी राहते. तिचं घड्याळ सारखं बंद पडतं. का पडतं, ते तुम्ही मोठे झालात की कळेल. दुरुस्त केलेलं घड्याळ घेऊन तो तिच्या दाराशी जातो, पण आत जात नाही. रक्तपिपासूंचा नियमच आहे, कोणी बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही. दारातच दोन शब्द बोलून तो म्हणतो, "येतो."

आपल्या भाषेत निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि घरातलं माणूस 'या' म्हणतं. पण शिवणाऱ्या बाईच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असतात. ती नुसतं "हं" करते. असं कितीतरी वर्षं चालतं. मग एके दिवशी तिच्या तोंडात टाचण्या नसतात. तो वळून म्हणतो, "येतो." ती सवयीने म्हणते, "या."

तो थांबतो. तिने ते निरोपाचं म्हटलेलं असतं, पण शब्द तो शब्द. तो आत येतो.

ह्या पानावर मुलींनी काय काय केलंय म्हणून सांगू! एकीने समासात 'हाय!' लिहिलंय. एकीच्या केसांच्या तेलाचा डाग आहे. आणि जिची मी आहे, ती हे पान वर्गात वाचत असताना पकडली गेली.

"काय वाचताय?" सरांनी विचारलं.

"सर, रक्ताचा धडा."

सरांनी मला जप्त केलं. आठवड्याने परत देताना म्हणाले, "असलं वाचत जाऊ नका." मी तिच्या हातात आले तेव्हा त्याच पानाचा कोपरा नव्याने मुडपलेला होता. ते सर कोण, हे मी आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही.

लग्न झालं तेव्हा ती मला साड्यांच्या घडीत घालून सासरी घेऊन आली. नवरा जहाजावर यंत्रं सांभाळायचा; घरी कमी, फोनवर जास्त. घरात सासरे होते. जन्मभर भाषा शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं काचेचं कपाट होतं आणि त्यात जाडजूड, कडक पुठ्ठ्यांची पुस्तकं एका उंचीत उभी होती. कित्येकांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. मेलेला उंदीर धरावा तसं त्यांनी मला दोन बोटांत धरलं.

"हे आपलं का?"

"हो बाबा, माझं आहे."

"कपाटात जागा नाही."

जागा होती. मी डोळ्यांनी पाहिली. पण मला फ्रिजवर ठेवण्यात आलं, औषधांच्या डब्याशेजारी.

मग बाळ आलं. दवाखान्याच्या पिशवीतून मी तिच्याबरोबर जाऊन आले आणि पुन्हा फ्रिजवर गेले. घरातला जुना लाकडी पाळणा माळ्यावरून खाली उतरला आणि तो ज्यावर टांगतात त्या घोडीचा एक पाय आखूड निघाला. झोका दिला की टक, टक. बाळ दचकायचं. सासऱ्यांनी घडी घातलेलं वर्तमानपत्र घालून पाहिलं, ते दबलं. पुठ्ठा घातला, तो सरकला. मग ते फ्रिजकडे गेले.

"बरोब्बर!" मला पायाखाली सरकवत ते म्हणाले. "शेवटी उपयोगी पडलं म्हणायचं एकदाचं."

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या गोष्टीत इथे रडायची पद्धत आहे. मी रडणार नाही. पाठीचा कणा मोडला, मुखपृष्ठावरच्या नायकाचा एक सुळा घासून गेला, मान्य. पण कपाटातल्या त्या थोर मंडळींपैकी एकाने तरी कधी एक जिवंत मूल तोलून धरलंय का?

जमिनीवरून जग वेगळं दिसतं. मला माणसांचे चेहरे दिसत नसत, पावलं दिसत. बाळाला बघायला खूप पावलं आली. सगळ्यांचे अंगठे पाळण्याकडे. "नाक आजोबांवर गेलंय हं!" "झोपतो का नीट?" "दूध पुरतं ना?" मग चपला घालून ती पावलं निघून जात. ती स्वतः पलंगाच्या कडेला बसलेली असे. एकही पाऊल तिच्याकडे वळलं नाही.

मला तिची पावलंच सर्वांत जास्त दिसत, म्हणून मला आधी कळलं. आधी ती खिडकीपर्यंत जात असत. मग पडदा ओढला गेला आणि ती खिडकीकडे जाईनाशी झाली. जमिनीला टेकलेल्या उंच आरशावर बाळाचा ओला टॉवेल वाळत पडला, वाळला, तरी तिथेच राहिला. सासरे दारातूनच ताट आत सरकवत आणि म्हणत, "गरम आहे तोवर खाऊन घे." ताट झाकलं जाई. झाकलेलंच परत जाई. वर काय चाललंय ते मला दिसत नसे, पण बाळ झोपलं असतानाही तिची पावलं झोपलेली नसत. अंगठा सारखा अंगठ्यावर घासत राही.

माझ्या नायकाला दुसऱ्याचं काहीतरी लागायचं. इथे उलटं होतं. दिवसरात्र तिच्यातूनच काहीतरी जात होतं आणि परत भरायला कोणी येत नव्हतं. मी ओरडले असते. पण पुस्तकाला तोंड कोणीतरी उघडल्यावरच फुटतं.

त्या घरात रोज यायची ती तिची नणंद. जवळच राहायची, पोहायला शिकवायची. दुपारी दोन वर्गांच्या मधल्या वेळात ओल्या केसांनी, तलावाच्या औषधाचा वास घेऊन धडकायची. आवाज असा की पाळण्याच्या दोऱ्या हलाव्यात.

"वहिनी, काय म्हणतोय आमचा पैलवान? आणि तू गं, बरी आहेस ना?"

"ठीक आहे."

"मग झालं तर! चल, येते गं."

"हं."

रोज असंच. 'येते' म्हटल्यावर 'ये' नाही, नुसतं "हं". माझ्या काळजात टाचणी टोचायची. ओठांत टाचण्या धरलेल्या बाईचं ते "हं" मी पोटात बाळगून आहे. मला ते ओळखू येणार नाही तर कोणाला?

एका दुपारी नणंदेने पाळण्याला झोका द्यायला पुढे पाऊल टाकलं आणि तिच्या पायाची करंगळी घोडीच्या पायावर आपटली.

"आई गं! हे काय घातलंय खाली?" ती वाकली. "अय्या, वहिनी, हे तर तुझे दातवाले! इथे कुठे पुरलंस त्यांना?"

तिने घोडीचा पाय अलगद उचलून मला ओढून काढलं आणि माझ्या जागी स्वतःच्या टॉवेलची घडी कोंबली. किती दिवसांनी मला उजेड दिसला! म्हणजे, उजेड नव्हताच. भर दुपारी खोलीत संध्याकाळ होती.

"बघू तरी काय करतात हे साहेब," म्हणत ती पलंगावर बसली आणि मला मधूनच उघडून, नाटकातल्यासारखा आवाज काढून वाचू लागली.

"'तो उन्हात येत नसे. आरशापुढून जाताना मान फिरवी.' भांग कसा पाडत असेल गं मग? 'रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागत नसे. ताट समोर आलं की तो म्हणे, मघाशीच झालं माझं. आणि कसे आहात असं कोणी विचारलं, तर तो इतकं गोड हसे, की पुन्हा कोणी विचारत नसे.'"

नणंद खो खो हसली. "काय बाई सोंगं एकेकाची! घे, तू वाच, मी तुझं ताट गरम करून आणते. जेवली नाहीस ना अजून?"

"मघाशीच झालं माझं," ती म्हणाली. आणि गोड हसली.

मित्रांनो, ताट उचलायला निघालेली नणंद थांबली. नणंदेने माझ्याकडे पाहिलं. मग आरशावरच्या टॉवेलकडे, ओढलेल्या पडद्याकडे, झाकलेल्या ताटाकडे. आणि मग, त्या घरात पहिल्यांदाच, एक पाऊल पाळण्याकडून तिच्याकडे वळलं.

"वहिनी," नणंद म्हणाली, आणि तिचा तो मोठा आवाज कुठल्या कुठे गेला, "ही त्याची ओळ आहे गं. तुझी नाही."

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. 'ठीक आहे'च म्हणणार होती. पण 'ठी' नंतर तिला पुढे जाता येईना.

"मला भीती वाटते," ती शेवटी म्हणाली. "त्याला उचलताना हात कापतात. झोप येत नाही. सगळे म्हणतात, किती छान, किती नशीबवान. आणि मला वाटतं, मी ह्या घरात आहे, पण कोणाला दिसतच नाही." मग ती रडली, आधी दबून आणि मग मोठ्याने.

आवाज ऐकून सासरे धावत आले. "काय झालं? बाळ का रडतंय?"

"बाळ झोपलंय, बाबा," नणंद जागची हलली नाही. "रडतेय ती वहिनी. तिच्यासाठी आला असाल तर थांबा. नाहीतर दार लोटून घ्या."

एवढं तोडून त्यांच्याशी कोणी बोललं नसेल. मला वाटलं, आता हे खाकरणार आणि भाषेवरून मुलीला सुनावणार. पण ते उंबरठ्यावरच उभे राहिले. रोज तिथूनच ताट आत सरकवायचे. तिथून पुढे कधी आलेच नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि विचारलं, "येऊ का, बाळा?"

'बाळा' कोणाला म्हणाले, हे तिला कळायला थोडा वेळ लागला.

"या," ती म्हणाली.

शब्द तो शब्द. ते आत आले.

आता असं समजू नका की पडदा सरकवला आणि सगळं बरं झालं. माझ्या पोटातल्या गोष्टीतसुद्धा एवढं सोपं काही नाही. दुसऱ्या दिवशी नणंद तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाल्या, हे आजारपण आहे, ह्यात तुमचा दोष नाही, आणि ह्यावर इलाज आहे. औषध आलं. झोपेची पाळी लावली गेली. सासरे बाळाला मांडीवर घेऊन व्याकरणाचे नियम म्हणायला शिकले. बाळ त्यावर पटकन झोपतं. काही दिवस चांगले गेले, काही वाईट. टॉवेल आरशावरून निघायला वेळ लागला. पण निघाला.

पाळण्याच्या पायाला सासऱ्यांनी लाकडाचा तुकडा ठोकून घेतला आणि मला पुसून, डिंक लावून, काचेच्या कपाटात उभं केलं. त्याआधी दोन दिवस मी त्यांच्या उशीखाली होते. त्यांनी सुनेला एवढंच सांगितलं, "भाषा तशी बरी आहे." माझ्या 'या'च्या पानाला आता दोन घड्या आहेत.

कपाटातल्या शेजाऱ्यांनी मला पाहून नाकं मुरडली. मी म्हटलं, मुरडा. ती रोज मला बाहेर काढते, चहाचा कप माझ्यावर ठेवते आणि पैलवानाने माझा उरलेला सुळाही चघळून टाकलाय. मी कपाटात टिकतच नाही.

म्हणून मित्रांनो, आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ पुसा, असलं काही मी मागणार नाही. मुडपा मला. डाग पाडा. हवं तर पायाखाली घाला. माझं एकच काम करा.

तुमच्या घरात, जिन्यावर, शेजारी कोणीतरी असेल. नुकतं बाळ झालेली मावशी असेल, आत्या असेल, मामी असेल, समोरच्या घरातली ताई असेल. ती गोड हसत असेल. सगळे तिच्या बाळाला बघून येत असतील. तुम्ही बाळाला बघायला जाऊ नका. तिला बघायला जा. उंबरठ्यावर उभे राहा आणि विचारा, "येऊ का?" ती जेवली का, झोपली का, तेही विचारा. 'मघाशीच झालं माझं' म्हणाली, तर हलू नका तिथून. घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारा.

पुढचं पान नंतर वाचा. कोपरा मुडपून ठेवा आणि आत्ता जाऊन बघून या.