लंगडीच्या बिळावरचा दोरा

खाटकाचा धंदा करणारी बाई रानातल्या जनावरांची सेवा करते म्हटल्यावर लोक हसणारच. "करून करून भागली आणि देवपूजेला लागली," असं दुकानासमोरच्या रांगेत कुणी ना कुणी म्हणायचंच. आक्का सत्तूर खाली न ठेवता म्हणायची, "अजून भागले नाहीये. पुढे हो, तुझं काय कापू?" मग म्हणणाऱ्यासकट सगळी रांग खिदळायची.

दुकान बापाचं. बाप गेल्यापासून आक्का आणि तिचा धाकटा भाऊ मिळून ते चालवत होते. भावाला सगळे छोटू म्हणत. छोटूची पन्नाशी उलटली होती. दारातून आत येताना त्याला खांदे तिरके करावे लागत आणि अख्खा बोकड तो एका हाताने आकड्याला टांगत असे. आई लवकर गेली, म्हणून न्हाऊ-माखू घालण्यापासून सुरा धरायला शिकवण्यापर्यंत त्याचं सगळं आक्काने केलं होतं. पुडकं बांधायची त्यांची रीतही तेव्हापासूनची. आक्का कागदावरून लाल-पांढरा दोरा फिरवायची, दोन पदर एकमेकांवर येत तिथे छोटू बोट दाबून धरायचा आणि आक्का गाठ मारायची. लहानपणी तो मुद्दाम बोट काढायचा नाही, आणि आक्का बोटासकट बांधायची. ही गाठ बापाने शिकवलेली. कितीही ओढा, ती सुटायची नाही, पण आखूड शेपटीला एक हिसका दिला की मोकळी. दोघांशिवाय ती कुणाला येत नव्हती. गिऱ्हाइकं घरी जाऊन सरळ कात्री लावत.

गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि आक्का शहराच्या कडेच्या राखीव रानात जाऊ लागली. तिथे दर रविवारी सकाळी दहा-बारा माणसं जमत. प्लास्टिक उचलत, कुंपण सांधत, चोरट्या शिकाऱ्यांनी लावलेले तारेचे फास काढत. निवृत्त मास्तर त्यांचे पुढारी. पहिल्याच थंडीत आक्काला एका फासात अडकलेली कोल्हीण दिसली. तारेने पाय हाडापर्यंत कापला होता. सगळे लांब उभं राहून फोन लावत होते. आक्काने अंगावरची शाल तिच्या तोंडावर टाकली, गुडघ्याने मान दाबली आणि तार तोडली. कोल्हीण तीन पायांवर पळाली. "कसायाला गाय धार्जिणी," मास्तर म्हणाले आणि लगेच ओशाळले. आक्काला मात्र हसू आलं. पुढे ती लंगडी वरचेवर दिसू लागली, आणि लंगडी दिसली नाही तर आक्काचा आठवडा वाईट जाऊ लागला.

दोऱ्याची कल्पना आक्काचीच. गवत कापायला यंत्रं यायची आणि बिळं चिरडून जायची. म्हणून जिथे पिल्लं असतील त्या बिळाशेजारच्या झुडपाला दुकानातला लाल-पांढरा दोरा बांधायचा, म्हणजे यंत्रवाला वळसा घालेल. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. रविवारी सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, आणि आक्का रानात झुडपांना दोरे बांधत असायची. छोटू एकट्याने कापायचा, एकट्याने बांधायचा. "कोल्ह्यांची आई झालीस," तो म्हणायचा. आक्काला ती थट्टा वाटायची.

त्या वसंतात एका मंगळवारी मास्तर दुकानापाशी आले. ते मटण खात नसत, त्यामुळे बोलायचे ते पायरीखालूनच.

"आक्का, आणखी एक बीळ फोडलं कुणीतरी. आता कसं सांगू तुम्हाला."

"सांगा की. मला काय घेरी येणार आहे?"

"येऊनच बघा."

छोटू ओंडक्यावर बरगड्या तोडत होता. "कोण असतील हो मास्तर हे लोक?" त्याने विचारलं. घाव मात्र चुकला नाही.

आक्काने आयुष्यभर मेलेली जनावरं पाहिली होती. तिला रक्ताची शिसारी नव्हती. पण बिळासमोर जे पसरलं होतं ते कापलेलं नव्हतं, फाडलेलं होतं. कोल्हिणीचा जबडा उपसलेला, आतडी गवतावर दूरवर ओढत नेलेली. पिल्लं एकेक करून दगडावर आपटलेली. दगडाला केस चिकटले होते. मारायची एक पद्धत असते, जनावराला कळायच्या आत संपवायचं असतं, हे बापाने सुरा हातात देण्याआधी शिकवलं होतं. इथे कुणीतरी बराच वेळ मजा पाहत बसलं होतं.

"हे तिसरं," मास्तर म्हणाले. "दर वेळी सोमवारीच. वनखात्याच्या कार्यालयात कळवलं, तर म्हणाले बघतो."

आक्काने भोवती पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मास्तर, इतकी बिळं आहेत रानात. फुटली कोणती? आपण दोरा बांधलेलीच."

मास्तरांनी झुडपाकडे पाहिलं. "म्हणजे आपणच वाट दाखवली?"

"आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय," आक्का म्हणाली.

रविवारी उरलेला दोराही काढून टाकायचा असं ठरलं. मास्तर पुढे गेल्यावर आक्का वाकली. बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीत माणसाच्या हाताचा पंजा उठला होता. पिल्लं काढायला कुणीतरी आडवं पडून आत हात घातला होता, आणि तो हात भलताच मोठा होता. शेजारी दोरा पडला होता. तो कापलेला नव्हता. त्याची गाठ सोडलेली होती.

आक्काने दोरा खिशात घातला आणि पायाने पंजा पुसून टाकला. वाऱ्याने सुटली असेल, ती स्वतःशी म्हणाली. वाऱ्याने सुटायची गाठ नव्हती ती. दुकानामागे छोटूची दोन कुत्री होती. त्यातल्या काळ्याचं नाक मागच्याच आठवड्यात फाटलं होतं. "गल्लीतल्या कुत्र्यांशी भांडला," असं छोटू म्हणाला होता आणि आक्काने स्वतः मलम लावलं होतं. हेही तिला आठवलं, आणि तिने ते आठवणं तिथल्या तिथे दाबून टाकलं. माणसाला नको ते न बघायची कला फार लवकर साधते.

आता दोरा बांधलेलं एकच बीळ उरलं होतं, खाणीजवळच्या आडव्या पडलेल्या झाडाखालचं. ते लंगडीचं होतं. आत चार पिल्लं होती, नुकतीच डोळे उघडलेली.

रविवारी आक्काने लंगडीच्या बिळावरचा दोरा स्वतः सोडला. पण तो तिने टाकून दिला नाही. खाणीच्या दुसऱ्या अंगाला एक जुनं, ओसाड बीळ होतं, त्याच्या शेजारच्या झुडपाला तिने तो बांधला, नीट, बापाच्या गाठीने. मग ती अवजारांच्या खोलीत गेली. चोरट्यांचा सापळा सापडला की घणाने मोडायचा असा मास्तरांचा नियम होता. एक मोडायचा राहिला होता, लोखंडी जबड्याचा, दातेरी, रानडुकरासाठी केलेला. आक्काने तो गोणपाटात गुंडाळून नेला, पायाने दाबून उघडला, त्याची साखळी झाडाच्या मुळाला अडकवली आणि ओसाड बिळात हातभर आत ठेवून वर पाला पसरला. कुत्र्याचं नाक सापडो नाहीतर माणसाचा हात, तिला दोन्ही चालणार होतं. मास्तरांना तिने यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

सोमवारी दुकान बंद. छोटू जेवून "जरा जाऊन येतो" म्हणाला आणि कुत्री घेऊन बाहेर पडला. तो कुठे जातो हे आक्काने विचारलं नाही. आजवर कधीच विचारलं नव्हतं. मागच्या वाटेने ती खाणीवर पोचली आणि काठावरच्या काटेरी झुडपात दबा धरून बसली. हातात कुंपणाच्या कामाचं फावडं होतं.

दुपार कलायला लागली तेव्हा कुत्र्यांची धाप ऐकू आली. मग माणूस दिसला. खांदे तिरके करून तो दोन झाडांमधून आला.

आक्काला आश्चर्य वाटलं नाही, आणि याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. छोटूने कुत्री झाडाला बांधली. दोऱ्याची शेपटी चिमटीत धरून एक हिसका दिला. दोरा सुटला. तो बोटाभोवती गुंडाळून त्याने खिशात टाकला. दुकानातलं काही वाया घालवायचं नाही, हेही आक्कानेच शिकवलेलं. मग त्याने उजवी बाही वर केली आणि तो मातीत आडवा झाला.

हाक मारायला वेळ होता. "छोटू" एवढंच तर म्हणायचं होतं, जन्मभर दिवसातून शंभरदा म्हटलेलं. आक्काने तोंड उघडलं. तेवढ्यात तिच्या डोळ्यांपुढे दगडाला चिकटलेले केस आले, उपसलेला जबडा आला. आत घाल, तिच्या मनाने म्हटलं. बघू दे तुलाही. तिने तोंड मिटलं.

खट्ट असा आवाज झाला, मोठं हाडूक सत्तुराखाली तुटतं तसा. त्यावर छोटूची किंकाळी उठली. तो गुडघ्यांवर आला आणि हात बाहेर ओढू लागला. हाताबरोबर सापळा बाहेर आला, साखळी ताणली गेली, दातांखाली मांस सोलवटत गेलं. रक्ताचा वास लागताच कुत्री पिसाळली. काळ्याने पट्टा तोडला. ज्या जनावराला रक्तावर झेप घ्यायला शिकवलं, त्याला ते रक्त कुणाचं हे कुठलं कळायला? त्याने छोटूचा दंड धरला आणि डोकं झटकायला सुरुवात केली. "काळ्या! अरे, मी रे! मी!" छोटू ओरडत होता.

आक्का कशी उतरली, हे तिलाही कळलं नाही. तिने फावड्याची कड काळ्याच्या मानेत घातली. तो सुटला आणि तिच्याकडे वळला. तिच्या हातचे तुकडे खाऊन मोठं झालेलं कुत्रं ते. दुसरा घाव तिने कवटीवर घातला, तिसरा घातला, आणि काळ्या निपचित पडल्यावरही घालत राहिली. मग फावडं टाकून तिने सापळ्याच्या दोन्ही पट्ट्यांवर पाय देऊन उभं राहून जबडा उघडला. अंगठा तेवढा जागेवर होता. बाकी चार बोटं कातड्याला लोंबत होती. छोटूच्या खिशातून बाहेर आलेल्या दोऱ्यानेच तिने त्याचं मनगट आवळून बांधलं. "आक्का," तो लहान मुलासारखा रडत म्हणाला, "बरं झालं आलीस गं. बरं झालं आलीस."

इस्पितळात त्याची चारही बोटं काढली. मास्तर फळं घेऊन भेटायला आले. हात सापळ्यात अडकला तरी कुठे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि भल्या माणसाने विचारलंही नाही. ते गेल्यावर आक्काने भावाला एकच प्रश्न विचारला.

"का रे?"

"ते लढतात गं," छोटू छताकडे पाहत म्हणाला. "आपल्या दुकानात कोण लढतं? बांधलेलं आणतो, मान पुढे करतं. आणि तू रविवारी सगळं माझ्यावर टाकून त्या कोल्ह्यांचे लाड करायला निघून जायचीस." आक्काला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याचं डोकं मांडीवर घ्यावंसंही वाटलं. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही. फळ सोलून त्याच्या डाव्या हातात दिलं.

दुसरं कुत्रं एका शेतकऱ्याला देऊन टाकलं. लंगडी पिल्लांना घेऊन खाणीच्या पलीकडे गेली, असं मास्तरांनी पायरीखालून सांगितलं. आक्का रविवारी रानात जाईनाशी झाली. मास्तरांना वाटलं, भावाच्या काळजीने.

जखम भरल्यावर छोटू पुन्हा दुकानात उभा राहू लागला. कापणं आता आक्काच करायची. एका रविवारी रांग रस्त्यापर्यंत गेली होती. आक्काने कागदावरून दोरा फिरवला. छोटूने सवयीने उजवा हात पुढे केला, मग मागे घेतला आणि डाव्या हाताचं बोट पदरांवर दाबलं.

"त्या बिळातली माती गार होती," तो हळूच म्हणाला. रांगेला ऐकू जाणार नाही इतकं हळू. "हात घातल्या घातल्या कळलं मला. आत कुणी राहत नव्हतं. आणि गाठ तर तुझी होती."

आक्काचे हात थांबले. "सापळा मीच लावला," ती म्हणाली.

"ते कळलं मला. तुला वाटलं असेल, दुसरंच कुणीतरी येईल." त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने हो म्हणावं म्हणून तो थांबला होता. "मला कधी बघितलंस, आक्का? ओरडलो तेव्हाच ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. एवढ्यावर तो जन्मभर तिच्याजवळ निवांत उभा राहिला असता.

"नाही," आक्का म्हणाली. "तू दोरा सोडलास तेव्हा."

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काय आक्का, आज मिळणार का उद्या?" कुणी हसलं. छोटूचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता हा बोट काढेल आणि निघून जाईल, असं आक्काला वाटलं. त्याचं बोट जागचं हललं नाही.

"गाठ मार," तो म्हणाला. "लोक थांबलेत."