निडीच्या फाटकावरचा काणा ट्रक

मी एक जुना मिठाचा ट्रक आहे, मित्रांनो. वीतभर लांब, प्लास्टरचा, आणि जन्मात डिझेलचा थेंब न प्यालेला. तरी स्वतःला जुना म्हणवतो, कारण ज्याच्यावरून मला घडवलं तो खरा ट्रक माझ्या आधीच भंगारात गेला होता. त्याचं म्हातारपण मी जन्मतःच अंगावर घेऊन आलो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जरा मन लावून ऐकायचं आहे.

साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. रोह्याचा मितेश डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जायचा आणि उरलेला सगळा जीव आगगाडीत घालायचा. त्याच्या मंडळाच्या गणपतीपुढे त्या वर्षी देखावा ठरला, तो निडी स्टेशनचा. रेल्वे नुकती आली होती तेव्हाचा. मोटरवर पळणारी पत्र्याची गाडी त्याने स्वतः केली. खऱ्या तीस फुटांना इथे एक फूट, हा त्याचा नियम. स्टेशनवरचं बाकडंसुद्धा तो जाऊन मोजून आला. मंडळातले वैतागून म्हणायचे, "अरे, लोक आरास बघायला येतात, रूळ मोजायला नाय."

फाटकाशी थांबलेला मिठाचा ट्रक तर हवाच होता. पेणहून मीठ भरून तो रोह्याच्या दुकानांना पोचवायचा आणि फाटकावर हमखास अडकायचा. पण त्याचा फोटो कुणाकडेच नव्हता. एक म्हणे हिरवा, दुसरा म्हणे निळा. शेवटी मितेश हैबतरावांकडे गेला. वीस वर्षं त्यांनी तो ट्रक चालवला होता. आता त्यांचे डोळे पार गेले होते, डॉक्टरांनीही हात टेकले होते. ट्रक मात्र तोंडपाठ होता.

"पुढं लांब नाक," ते म्हणाले. "केबिन हिरवी. हौद्याच्या खालच्या फळ्या मिठानं खाल्लेल्या. आणि डावा दिवा नाय. तिथं पत्रा ठोकलेला. काणी गाडी म्हणायचे लोक." मग म्हणाले, "एकदा हाताला लागू दे रे. मग डोळे नसले तरी चालंल."

मितेशने सगळं कागदावर उतरवलं आणि हमरापूरला जनीमावशीकडे दिलं. जनीचं घर म्हणजे गणपतींचा कारखाना. तिच्या हातचे डोळे बघायला दुसऱ्या कारखान्यातले लोक यायचे. तिने मला घडवलं, रंगवलं, फळ्यांवर मिठाने खाल्ल्याचे डागही दिले. मी शेकडो गणपतींच्या रांगेत सुकत होतो आणि खरं सांगतो, मला फार मिरवल्यासारखं वाटत होतं.

घोटाळा झाला तो डोळ्यांशी. उजवा दिवा तिने रंगवला. डाव्या जागी सपाट पत्रा दाखवायचा, एवढंच उरलं होतं. पण हात पुढे जाईना. जिने उभ्या जन्मात एका डोळ्याची मूर्ती दाराबाहेर जाऊ दिली नाही, ती मला काणा कशी पाठवणार? तिने वाटाण्याएवढा डावा दिवा केला, चंदेरी रंग दिला, वर पांढरा ठिपका टेकवला. दिवा नजर लावून बघायला लागला.

मितेशने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, कागदावर लिहिलं होतं ना?"

"वाचलं मी. पन एका डोळ्याचं काय बी माझ्या घरातून जात नाय."

गणपती दोन दिवसांवर आले होते. बाकडं मोजणारा मितेश त्या दिवशी स्वतःशीच म्हणाला, "कोणाला कळणार?" आणि मला घेऊन आला. मी त्याला दोष देत नाही. दोन डोळ्यांत मी देखणा दिसत होतो, आणि मलाही ते आवडलं होतं.

देखाव्याला ही गर्दी! गाडी धडधडत आली की फाटक पडायचं, आणि मुलं मला बोट दाखवायची. तिसऱ्या दिवशी हैबतरावांना त्यांची बायको विमलबाई हाताला धरून घेऊन आली. मितेशने मला उचलून त्यांच्या हातात ठेवलं.

त्यांची बोटं माझ्या नाकावरून फिरली, केबिनवरून, फळ्यांवरून. चेहरा उजळला. मग बोट डाव्या दिव्यावर आलं आणि थांबलं. परत उजव्यावर गेलं, परत डाव्यावर आलं.

"बरी बनवलीस," ते म्हणाले. "पन ही माझी गाडी नाय."

का ते विमलबाईने सांगितलं. काळुराम त्यांचा क्लीनर होता. दिवा फुटला तेव्हा त्याने आपल्या भाकरीच्या डब्याचं झाकण ठोकून पत्रा केला आणि तिथे बसवला. मालक नवा दिवा देत होते, पण हैबतराव तो पत्रा काढू देईनात. पुढे काळुराम तापाने गेला. ट्रक भंगारात गेला आणि पत्राही गेला.

"त्याचं तेवढंच होतं माझ्यापाशी," हैबतराव म्हणाले, आणि मला अलगद परत दिलं. मित्रांनो, माझ्या देखणेपणाची मला त्या दिवशी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मितेश मला घेऊन हमरापूरला गेला. जनी सगळं ऐकून घेऊन त्याच्याबरोबर थेट हैबतरावांच्या घरी आली. मितेश म्हणाला, "मावशी, दिवा खरवडून टाकू."

"उघडलेला डोळा फोडायचा नाय," जनी म्हणाली. "झाकायला हरकत नाय. देवाचं तोंड बी आपण झाकूनच घरी नेतो. एखादा पत्रा द्या मला."

विमलबाई आत गेली आणि एक झाकण नसलेला डबा घेऊन आली. "हा काळुरामचाच गो बाय. यांना कधी बोलले नाय, मी यात मीठ ठेवते."

जनीने हैबतरावांकडे बघितलं. ते म्हणाले, "काप."

डब्याच्या काठाचा नखाएवढा तुकडा जनीने कापला आणि दोन टाचण्यांनी माझ्या डाव्या दिव्यावर बसवला. टाचणीने गालाला बारीक चीर गेली, ती अजून आहे. हैबतरावांनी बोट फिरवलं. पत्रा लागला. बराच वेळ ते बोट तिथून हललंच नाही.

"काळ्या," ते हळूच म्हणाले, "फाटक पडलंय रे. उतर, चा पिऊ."

विसर्जनानंतर मितेशने मला त्यांच्याच घरी ठेवलं. गेल्या वर्षी हैबतराव गेले. आता मी विमलबाईच्या फळीवर धूळ खात असतो. घरी येणारी मुलं नखाने पत्रा उचकटून बघतात, खाली काय आहे म्हणून. खाली एक सुंदर चंदेरी दिवा आहे, मित्रांनो. जनीने मन लावून केलेला. आता तुम्हाला कळलं, तेव्हा बघायची गरज नाही. मला पुसा, हळू हाताने उचला, रंग उडाला तर हवा तसा द्या. पण पत्रा काढू नका. तो काळुरामच्या डब्याचा आहे.