लिटरचा डबा

सत्यवतीकाकूंना बरोबर घेतल्याशिवाय आचोळ्याच्या त्या इमारतीतलं कुणी रामनवमीच्या सप्ताहाची खरेदी करत नसे. साखरेचं पोतं असो की रव्याचं, काकू भाव ऐकायच्या, पदराच्या टोकाशी बोटं चाळवायच्या आणि कागद-पेन्सिलीशिवाय सांगायच्या, "किलोमागं महाग पडतंय. चला पुढं." दुकानदार लोचटपणा करू लागला की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "रामाच्या पंगतीचा पैसा आहे, शेठ. लोकांनी विश्वासानं दिलाय."

प्रल्हादकाकांना मात्र हिशोबाचं वावडं. कीर्तनात टाळ धरायला सांगा, हात गळेपर्यंत धरतील. पण सुट्टे पैसे मोजायला नको. "ह्यांना बाजारात पाठवलं तर शंभराची नोट देऊन नुसता नमस्कार घेऊन येतील," असं काकू चारचौघींत म्हणायच्या आणि सगळ्यांत मोठ्यानं काकाच हसायचे.

या वर्षी त्यांचं हसू आटलं होतं. दिवाळीपासून काकू आमटीत दोनदा मीठ घालत होत्या. एकदा तर वरच्या मजल्यावर परक्याच्या कुलपाशी स्वतःची किल्ली घेऊन झटत बसल्या. वसईच्या डॉक्टरांनी काकांना एकट्याला आत बोलावून सांगितलं, हे आता वाढतच जाणार. काकांनी ते कुणालाच सांगितलं नाही. देवापुढे बसले की एवढंच मागायचे, रामराया, हिचं सगळं ने, पण चार बायकांतला मान तेवढा राहू दे.

कामणच्या गोदामात तेलाचे दोन डबे समोर आले. एक पंधरा किलोचा, सातशे ऐंशीचा. दुसरा पंधरा लिटरचा, सातशे पस्तीसचा. समोरच्या घरातली यमुना बरोबर होती. बाजार करायला ती काकूंकडूनच शिकलेली.

"बोला काकू," शेठ म्हणाला, "तुमच्यापुढं आपलं काय चालतंय?"

काकूंची बोटं पदरावर फिरली. थांबली. पुन्हा पहिल्यापासून फिरली. त्यांनी काकांकडे पाहिलं, आणि ती नजर जत्रेत हात सुटलेल्या पोरीची होती.

"हा... हाच स्वस्त," त्यांनी लिटरच्या डब्यावर हात ठेवला.

"अहो काकू, पण तो तर—" यमुना बोलायला लागली.

"मीच सांगितलं तिला," काका घाईनं म्हणाले. "हाच घ्यायचा. तीन द्या."

शेठ हसला. "आज हिशोब काकांचा? मग रामच राखो!"

यमुनेनं काकांकडे पाहिलं, आणि तिला काय कळायचं ते कळलं. टेंपोत ती काकूंचा हात धरून बसली.

संध्याकाळी मांडवात बायका भोपळा चिरत होत्या. बुवा आले होते, पेटीचा सूर लागत होता. काकू कढईपाशी आल्या, डबा कलता करून पाहिला आणि कडाडल्या, "अहो! हा डबा कुणी आणला?"

काका लगबगीनं आले.

"यावर लिटर लिहिलंय की! तेल लिटरला किलोभर भरतं होय? जेमतेम साडेतेरा किलो आहे यात. दिसायला स्वस्त, पण किलोमागं जवळजवळ अडीच रुपये जास्त मोजलेत तुम्ही. इतकी वर्षं माझ्याबरोबर काढलीत, एवढं कळू नये?"

बायका खळखळून हसल्या. यमुना तेवढी भोपळ्यावर मान घालून राहिली.

काका ऐकत होते. कितीतरी महिन्यांनी तो हिशोब असा लख्ख कानावर पडत होता. तिनं थांबू नये, आणखी शिव्या द्याव्यात, असं त्यांना वाटलं.

"चुकलं गं माझं," ते म्हणाले. "मला कुठं जमतंय?"

"जमत नाही तर मला न्यायचं ना बरोबर!" काकूंचा आवाज एकदम उतरला. "दरवर्षी जाते मी. का नाही नेलंत मला?"

मांडवातलं हसू अजून विरलं नव्हतं.

"पुढच्या वर्षी तुलाच नेतो," काका म्हणाले. मग वळून ते रामाच्या तसबिरीपाशी गेले आणि खिशातल्या होत्या तेवढ्या नोटा, न मोजता, दानपेटीत कोंबू लागले.

"अहो, मोजून तरी टाका!" मागून काकू ओरडल्या.