आन्सेल्मची तीन पिंपं

ओदेतने काठीच्या मुठीने पहिल्या पिंपावर ठोकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आवाज भरलेला आला. वरपासून खालपर्यंत एकसारखा, बद्द. दुसरं पिंप तसंच. तिसरंही तसंच. पाच वर्षं ही पिंपं वरच्या अंगाला पोकळ वाजत होती आणि ते पोकळ वाजणं हीच तिची पुंजी होती. शातो-शालोंची पिवळी वाईन करायची तर पिंप एकदा भरायचं, बूच लावायचं आणि सहा वर्षांवर त्याला तसंच सोडून द्यायचं. लाकडातून वाईन उडत जाते, पिंपात जागा होते, त्या जागेत वाईनवर पातळ साय धरते आणि त्या सायीखाली साध्या पांढऱ्या वाईनला अक्रोडाचा वास चढतो. झालेली जागा भरायची नाही. साय बुडवायची नाही. शातो-शालों या टेकडीवरच्या गावाचं नाव बाटलीवर हवं असेल तर हाच नियम, त्याला पळवाट नाही. इथली शेंबडी पोरंसुद्धा हे जाणतात.

पण जावई इथला नव्हता. जावई बर्गंडीचा होता.

"गास्पार!"

खुब्याचं ऑपरेशन करून ती लों गावच्या दवाखान्यातून तासाभरापूर्वी घरी आली होती. मुलीने सूप गरम केलं होतं, पलंगावर नवी चादर घातली होती. ओदेतने चादरीकडे बघितलंही नाही. काठी टेकत थेट तळघरात उतरली, कारण दवाखान्यात तिला वाईनीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

गास्पार हात पुसत खाली आला. उंच, गोरा, सदा हसरा माणूस. गेल्याच वर्षी लग्न करून या घरात राहायला आलेला.

"जावईबापू, या पिंपांना हात कोणी लावला?"

"मी," गास्पार म्हणाला, आणि वर हसला. "तुम्हाला सांगणारच होतो, सासूबाई. म्हटलं, आजारपणात तेवढाच एक घोर कमी. किती रिकामी झाली होती! तिसरा हिस्सा तरी उडाला असेल. टाकीतली साव्हान्यां द्राक्षांची पांढरी घातली, आपली चांगली. हलकंसलकं काही नाही."

"हलकंसलकं घातलं असतंस तरी काय मोठं बिघडणार होतं रे! गटारातलं पाणी का नाही ओतलंस? घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!"

गास्पारचं हसू मावळलं. "ही... पिवळीची पिंपं आहेत?"

"नाही, लोणच्याची आहेत!"

"पण पिवळीची पिंपं तर वर माळ्यावर असतात. ती मी बघितलीसुद्धा नाहीत, शपथ. ही खाली, कोपऱ्यात, एकटी पडलेली. मला वाटलं, जुनी पांढरी असेल, राहून गेलेली. सासरे गेल्यापासून तुमच्याने इथे हात लावणं होत नसेल." तो अडखळला. "आमच्याकडे पिंप बोटभर उणं दिसलं तरी वडील थोबाडीत ठेवून द्यायचे. घरात कोणी आजारी पडलं तर शेजारी येऊन पिंपं भरून जातात. मला वाटलं, मी..."

"तुला वाटलं! तोंड होतं ना तुला? विचारता आलं नाही?"

जिन्यावर पेरिन उभी होती. ओदेतची मुलगी, याच घरात वाढलेली, सायीबद्दल बाराखडीच्या आधी शिकलेली. मिठाची गुळणी धरून उभी होती.

"तुला ठाऊक होतं," ओदेत म्हणाली.

"त्याने भरल्यावर कळलं. आई, तू ऑपरेशनला निघाली होतीस. तेव्हा सांगायचं होतं का मी तुला?"

"हो! सांगायचं होतं! भूल तरी कमी लागली असती!"

ही तीन पिंपं कुठली ते पेरिनला माहीत होतं, म्हणून तर ती रडकुंडीला आली होती. आन्सेल्मने, ओदेतच्या नवऱ्याने, जन्मभर शातो-शालोंच्या उतारावर द्राक्षं पिकवली आणि जन्मभर ती सहकारी संस्थेत नेऊन घातली. त्याची द्राक्षं दुसऱ्यांच्या वाईनीत मिसळायची आणि बाटलीवर त्याचं नाव कधी यायचं नाही. शेवटी एका शरद ऋतूत हट्टाने त्याने तीन पिंपांपुरती द्राक्षं घरी ठेवली. माळा तेव्हा अडगळीने भरलेला होता, म्हणून खाली कोपऱ्यात पिंपं लावली. ती वाईन आंबून फसफसायची थांबली तेव्हा थंडी पडली होती, आणि नाताळच्या आधी आन्सेल्म मळ्यातच कोसळून गेला. माळ्यावरची पिंपं ओदेतने त्याच्यामागे भरलेली. येत्या डिसेंबरात ही वाईन बाटलीत जायची होती. वर गावाचं नाव, खाली त्याचं. एकदाच.

"थोडी काढून घेऊ," गास्पार हळूच म्हणाला. "वर जागा झाली की साय परत धरेल. डिसेंबरपर्यंत..."

"साय म्हणजे काय टोपी आहे? वाऱ्याने उडाली, परत घातली? चल, नीघ. आधी माझ्यासमोरून हो बघू दूर."

गास्पार गेला. ओदेत जेवली नाही. पेरिनने सूपाचा वाडगा दोनदा आणला आणि दोनदा नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेओंस आला. आन्सेल्मचा जिवलग मित्र, शेजारच्या मळ्याचा मालक, आणि पिवळी वाईन चाखण्यात ज्याच्या जिभेला आसपासच्या चारही गावांत मान होता असा माणूस. त्याला पेरिननेच फोन केला होता. ओदेतला ते कळलं तेव्हा तिने मुलीकडे असं बघितलं की पेरिन खिडकी पुसायला लागली.

चौघंही तळघरात उतरली. लेओंसने पिंपाच्या पुढच्या अंगाची छोटी लाकडी खुंटी काढली. पिवळी नेहमी या खुंटीतून काढायची, वरच्या बुचातून नाही, म्हणजे साय हलत नाही. आता तिथे साय कुठली, पण हाताची सवय. बारीक धार ग्लासात पडली. लेओंसने वास घेतला, घोट घेतला, तोंडात बराच वेळ घोळवला. ओदेत त्याच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ बघत होती. एके ठिकाणी, घोट गिळायच्या अगदी आधी, त्याची डावी भुवई जराशी हलली.

"शातो-शालों," लेओंस म्हणाला. "अस्सल."

पेरिनने श्वास सोडला. गास्पारने तर डोळेच मिटले.

"लेओंसभावजी," ओदेत म्हणाली, "तोंडावर खोटं बोलताय माझ्या."

"वहिनी..."

"भुवई हलली तुमची! तीस वर्षं बघतेय मी ती भुवई. कच्च्या वाईनीलाच हलते."

लेओंसने ग्लास पिंपावर ठेवला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण चौघंच आहोत इथे. थोडी वाईन काढू, उन्हाळा आहे, साय धरेल. गावाचं नाव देण्याआधी चाखून तपासतात, त्या तपासणीला मी पुढे होईन. कुणाला काही कळणार नाही."

"गेल्या सप्टेंबरात तोडणीआधी, कुठली द्राक्षं या नावाला लायक ते ठरवायला, आपण सगळे मळे बघत फिरलो. तुमचा खालचा तुकडा या नावातून बाहेर काढा म्हणून हात कोणी वर केला?"

"तुम्ही."

"का?"

"द्राक्षं पिकली नव्हती," लेओंस जड आवाजात म्हणाला.

"राग आला होता?"

"नाताळपर्यंत तुमचं तोंड बघितलं नाही मी. अजून आहे राग, खरं सांगायचं तर."

"मग काढा ना तो राग! आज काढा! आयती संधी आलीय चालून. तुमच्या पिकल्या-न-पिकल्या द्राक्षांना मी दया दाखवली नाही आणि तुम्ही मला दाखवताय? मला हा जावई प्रेमाने बुडवतो, ही पोरगी मायेने गप्प बसते, आता तुम्ही मैत्रीने खोटं बोलता. सगळ्यांच्या चांगुलपणाने माझं वाटोळं केलंय! एकाला तरी वाईट वागता येत नाही का?"

"दया तुमच्यावर नाही करत," लेओंसही आता चढला. "आन्सेल्मसाठी बोलतोय मी. जन्मभर त्याची द्राक्षं लोकांच्या बाटलीत गेली. एकदा, एकदा तरी त्या नावाखाली त्याचं नाव येऊ दे. त्याने काय पाप केलं होतं?"

हेच ओदेत स्वतःला कालपासून सांगत होती. तिने लेओंसचाच ग्लास उचलला आणि उरलेली वाईन प्यायली. वाईट नव्हती. अक्रोड होता, जुन्या चीजची खारट चव होती, आणि त्यावर हिरव्या सफरचंदाचा ताजा आंबटपणा. कोंबडीच्या रश्श्यात घाला, पाहुण्यांना पाजा, लोक बोटं चाटतील. न सांगता विकली असती तर विकली गेली असती. म्हणून तर तिला जास्त चीड आली.

"त्याने काय केलं असतं?" तिने विचारलं.

लेओंस पिंपाची खुंटी चाचपायला लागला.

"बोला की. तुमचा मित्र ना? हा घोट त्याच्या तोंडात गेला असता तर काय केलं असतं त्याने?"

"थुंकला असता," लेओंस म्हणाला.

"फडकं आण," ओदेत पेरिनला म्हणाली.

"मी पुसतो, सासूबाई, काय पुसायचंय?" गास्पार पुढे झाला.

"खबरदार हात लावलास तर."

ती काठी टाकून पिंपाजवळ वाकली. खुबा ठणकला, तिने दात आवळले. पिंपाच्या पुढच्या अंगावर, अगदी खालच्या बाजूला, कोळ्याचं जाळं आणि बुरशीचा करडा थर होता. तिने तो हाताने ओरबाडून काढला. खाली खडूची अक्षरं निघाली. उजवीकडे कललेली, घाईत लिहिलेली. शातो-शालों. त्याखाली वर्ष. त्याखाली आन्सेल्म.

गास्पारने ती वाचली आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "हे मला दिसलंच नाही. आई, खरंच, हे दिसलं असतं तर मी..."

सासूबाई म्हणायचं तो विसरला होता. ओदेतने ते ऐकलं.

"दिसणार कसं?" ती म्हणाली.

पाच वर्षांत या कोपऱ्यात झाडू फिरला नव्हता. पेरिन एकदा झाडू घेऊन आली होती तर ओदेतने तिला जिन्यापर्यंत पिटाळलं होतं. आन्सेल्मचा हात जिथे शेवटचा लागला तिथे दुसऱ्या कुणाचा लागायला नको होता. जाळं तिने राहू दिलं होतं, तिनेच. कालपासून घरभर धावत असलेला राग आता कोणाच्या अंगावर घालावा हे तिला कळेना.

तिने फडकं ओलं केलं आणि गावाचं नाव पुसायला सुरुवात केली. लाकडात मुरलेला खडू लवकर निघत नव्हता. ती घासत राहिली. कोणी पुढे आलं नाही. पहिल्या पिंपावर वर्ष आणि आन्सेल्म उरला. दुसऱ्यावरही तसाच. तिसऱ्या पिंपावरचं शेवटचं अक्षर गेलं तेव्हा ती फडकं मुठीत धरून थांबली आणि उरलेल्या त्या कललेल्या नावाकडे बघून अशी ओरडली की लेओंसने टोपी काढून हातात घेतली.

"सहा वर्षं थांबणारी वाईन करायला घेतलीस, मेल्या, आणि स्वतः नाताळपर्यंतसुद्धा थांबला नाहीस! मी एकटीने सांभाळायची होती ही? मी एकटीने?"

मग पाच वर्षांत पहिल्यांदा, मुलीच्या, जावयाच्या आणि लेओंसच्या देखत, ती पिंपाला कपाळ टेकून रागारागाने रडली.