दूध कट्ट्यावरची गार टाकी

मित्रांनो, मी दूध गार करणारी स्टीलची टाकी आहे. मी जुनी आहे असं म्हणायचीही सोय नाही. कुणी वापरलंच नाही, तर जुनी होणार कशी?

माझा जन्म पुण्याच्या कारखान्यातला. कामगारांनी घासूनपुसून मला इतकं चकचकीत केलं की माझं मलाच कौतुक वाटायचं. मग सामाजिक गुंतवणूक करणाऱ्या एका कंपनीनं मला विकत घेतलं. पैसा लावायचा, कष्टकरी बायकांचं भलं करायचं आणि थोडा नफाही मिळवायचा, असा त्यांचा बेत. बेत वाईट नव्हता हो. पण मला आणून बसवलं कुठं, तर कोल्हापुरात, मंगळवार पेठेजवळच्या दूध कट्ट्यावर.

अहो, इथं संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात. गिऱ्हाईक डोळ्यांदेखत धार काढून घेतं आणि फेसाळ, कोमट दूध उभ्या उभ्या पितं. ते गार करून करायचंय काय? हे कुणी विचारलंच नाही. हार घातले, नारळ फोडला, टाळ्या वाजवल्या. आणि मी बसले ती नेमकी, इथं रोज दूध विकणाऱ्या झुंबरबाईंच्या म्हशीच्या जागेवर. म्हैस गेली पलीकडं, गटाराजवळ. तिथं गिऱ्हाईक नाक दाबून पुढं जातं. गाड्यांना बुजून म्हैसही पान्हा चोरते. मला आता माझ्या चकाकीचीच शिसारी येते.

परवा कंपनीच्या इरावती मॅडम परदेशी पाहुण्यांना घेऊन आल्या. माझ्यावरचं प्लास्टिक काढलं, मला पुसलं.

"मावशी, टाकीमुळं आयुष्य कसं बदललं, सांगा ना," मॅडम म्हणाल्या.

झुंबरबाईंनी चरवी खाली ठेवली. "बाई, आमचं गिऱ्हाईक धारंचं दूध पितंय. गार कोण पिणार? ही टाकी उचला की हितनं. जागा म्हशीची हाय. न्हायतर म्हस विकायची पाळी आलीया."

मॅडम हसल्या आणि पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाल्या, मावशी फार समाधानी आहेत. पाहुण्यांनी माना डोलावल्या. कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला अशीच आणखी एक टाकी बसवायचं तिथल्या तिथं ठरलं. माझ्या पोटात दूध असतं, तर ते त्या क्षणी नासलं असतं.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. पन्हाळ्याच्या बाजूला आडवळणाची गावं आहेत, दूध न्यायच्या गाडीला उशीर झाला की तिथं दूध नासून फुकट जातं. तिथं न्या मला, मी राबेन. आणि कुणाचं भलं करायला निघालात, तर आधी त्या माणसाला विचारा, आणि तो बोलला की ऐका. उद्या सकाळी जयसिंगपूरचा व्यापारी म्हैस बघायला येणार आहे. त्याच्या आत मला इथून उचला.