मेणावरचं कुंकू

वैभवची एक रीत रुख्माबाईंना कधी पटली नाही. लग्नाचं आमंत्रण द्यायचं तर हा पोरगा घरोघर जाईल, पण माणूस कामावरून काढायचा तर फोनवर काढेल. देवरावलाही त्यानं तसंच काढलं. दसऱ्यापासून तिसऱ्या दिवशी, सकाळी, समोर तर्री-पोहे.

"उद्यापासून येऊ नका, देवराव. विमानाच्या चाब्या रविवारी हँगरवर आणून द्या." फोन ठेवला आणि लगेच बायकोला म्हणाला, "प्रणाली, तर्री वाढ वं थोडी."

"कुत्र्यालेही माणूस दारात उभं राहून हाकलते गा," रुख्माबाई म्हणाल्या. "त्याले तोंड तं दाखवावं लागते."

"आई, त्याच्या मेणापायी मी अन प्रणाली मेलो असतो. तुले समजते का काही?"

समजत होतं. त्याच्यापेक्षा जास्तच समजत होतं. पण आत काही हललं नाही. चैत्रात यजमान, ईश्वरदास, गेले तेव्हापासून असंच चाललं होतं. सूत संपल्यावरही पॉवरलूम चालू राहावा, खडखडाट तेवढा आणि कापड शून्य, तशी जीभ चालायची. पोह्यांना चव होती की नव्हती हेही त्यांना सांगता आलं नसतं.

ईश्वरदास खापा गावच्या हातमागावरून उठून गांधीबागेच्या बाजारात कापडाचं दुकान टाकणारे. वैभवनं त्याचा कारखाना केला आणि दोन वर्षांपूर्वी एका इंजिनाचं, चार माणसांचं जुनं विमान घेतलं. गल्ली हसली. ईश्वरदास मात्र पहिल्या दिवशी पांढरी टोपी घालून पुढच्या सीटवर बसले. विमान सांभाळायला देवराव ठेवला. वीस वर्षं विमानांची उठबस केलेला माणूस. धुणं, पुसणं, पुढच्या चाकाला दांडा लावून बाहेर ओढणं, वारा सुटला की पंखांना दोर बांधणं, सगळं त्याच्याकडे.

उडायच्या आधी ईश्वरदास आणि देवराव विमानाभोवती एक फेरी मारायचे. ईश्वरदासांना त्यातलं काही कळत नसे, पण पत्र्यावरून हात मात्र फिरवत जायचे. "ताण्यावर हात फिरवल्याबिगर मागावर बसू नये," ते म्हणायचे. "तुटलेला धागा डोळ्याले दिसत नाही. बोटाले दिसते."

दसऱ्याला कारखान्यातल्या यंत्रांची पूजा झाली, मग विमानाची. प्रणालीनं पंख्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. कुंकवाचं ताट सगळ्यांसमोरून फिरलं आणि रुख्माबाईंच्या समोरून न थांबता पुढे गेलं. कोणी मुद्दाम केलं नाही. रीतच तशी. रुख्माबाईंनी ते पाहिलं, लागलं मात्र काही नाही.

सगळे बाहेर पेढे खायला गेले, त्या हँगरच्या आतच थांबल्या. कमरेच्या बटव्यात मेणाची डबी अजून होती. अठ्ठेचाळीस वर्षांची सवय, ती काढून टाकायचं सुचलं नव्हतं. विमानाच्या डाव्या दाराच्या पुढे, पत्र्यावर आठ आण्याएवढी एक गोल चकती होती, स्वच्छ, कोरी. ईश्वरदास आत बसताना नेमका तिथं हात टेकायचे. रुख्माबाईंनी करंगळीनं मेण घेतलं, चकतीवर लावलं, दाबलं, त्यावर पूजेच्या ताटातलं कुंकू टेकवलं. रोज सकाळी कपाळावर करायच्या अगदी तसंच. गळून पडू नये म्हणून पुन्हा एकदा दाबलं.

वळून पाहिलं तर शेपटीपाशी देवराव फडकं घेऊन उभा.  त्यांनी डबी बटव्यात टाकली आणि बाहेर गेल्या.

त्या चकतीच्या मध्यात सुईएवढी भोकं असतात, त्यातून बाहेरची हवा आत जाते, आणि त्या हवेवरच विमान किती उंच आणि किती वेगात आहे ते काटे सांगतात, हे रुख्माबाईंना नंतर वैभवच्या आरड्याओरड्यातून कळलं. देवरावला ते आधीपासून ठाऊक होतं. सगळे गेल्यावर त्यानं कुंकू पुसलंही. विधवा बाईनं कुंकू लावलं हे कोणाच्या नजरेस पडू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. लाल गेलं. मेण भोकांत राहिलं.

दुसऱ्या दिवशी वैभव आणि प्रणाली उडाले; चढायच्या आधीच्या फेरीतही वैभव फोनवरच होता, हे प्रणालीनं नंतर घरी सांगितलं. विमान वर चढत होतं आणि उंचीचा काटा जमिनीवरच बसलेला. वेगाचा काटा खाली खाली. वैभवनं टॉवरला कळवलं आणि नुसत्या नजरेच्या अंदाजानं विमान उतरवलं.  मेकॅनिकनं भोकांतून मेण काढून दाखवलं, तेव्हा देवराव म्हणाला, "पॉलिश करताना लागलं असन, साहेब. माझीच चूक."

हे वैभवनं घरी येऊन सांगितलं. रुख्माबाई सोफ्यावर बसल्या होत्या. ज्या तोंडानं उभ्या गल्लीला कधी सोडलं नाही, ते तोंड तेव्हा उघडलं नाही. देवरावची नोकरी गेली तेव्हाही मेणाबद्दल ते उघडलं नाही.

रविवारी त्या न विचारता गाडीत जाऊन बसल्या.

"तू कुठं निघाली?" वैभव म्हणाला.

"तुह्या बापाचं विमान पाहाले."

हँगरच्या शटरबाहेर देवराव उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात चाब्यांचा जुडगा. आत पाऊल टाकलं नव्हतं. वैभव फोनवर बोलतच उतरला, मागोमाग प्रणाली. देवरावकडे न बघता त्यानं हात पुढे केला, चाब्या घेतल्या आणि पुढे गेला. दोन नव्या माणसांनी विमान उन्हात ओढून आणलं होतं. वैभवनं कानाला फोन लावूनच विमानाभोवती फेरी मारली. शेपटी पाहिली, पंख पाहिले, चाकं पाहिली. लसणाच्या दोन पाकळ्या सोलून होतील एवढ्या वेळात सगळं पाहून झालं. दुसरा हात खिशातच होता. चकतीपाशी तो थांबलासुद्धा नाही.

रुख्माबाई चालत गेल्या. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याचं बोट चकतीवर टेकवलं. पत्रा उन्हानं तापला होता.

"काय लागते?"

"काही नाही. आई, मी बोलून राहिलो ना फोनवर…"

"त्या दिवशी लागलं असतं. माझं मेण होतं ते. मी कुंकू लावलं होतं तिथं."

वैभवचा फोन खाली आला. "तू? पण तुले तं आता…"

"हो, मले आता कुंकू नाही. म्हणून तं चोरून लावलं."

"बाई, राहू द्या ना," शटरपासून देवराव म्हणाला.

"तुम्ही गप बसा, देवराव. लाल तेवढं पुसलं अन मेण ठेवलं. याले पुसणं म्हणतात का?" त्या पुन्हा मुलाकडे वळल्या.

"अन तू इतके दिवस बोलली नाहीस? त्यांची नोकरी गेली तरी?" वैभव म्हणाला.

"नाही बोलली." रुख्माबाई थांबल्या. लाज वाटायला हवी होती. ती कुठं आहे ते त्यांनी आत शोधून पाहिलं. सापडली नाही. डोळेही कोरडेच होते. "ते माझं पाप. मी भोगीन. चारचौघांत सांगायचं असन तं सांगजो, रुख्मानं रांडेपणी कुंकू लावलं म्हणून."

प्रणाली गाडीपासून दोन पावलं पुढे आली.  चाब्या वैभवच्या मुठीत तशाच होत्या.

"आता माझं आयक," रुख्माबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, उतरला नाही. "मी अडाणी बुढी. मले ते भोक दिसलं नाही. देवरावनं माझी अब्रू झाकली, त्यात त्याचा डोळा चुकला. अन तू? लायसन तुह्यापाशी आहे. बसायच्या आधी हात फिरवायचा होता तो तुझा, अन तुझा हात फोनवर होता. बायको संग घेऊन बसला तरी फोनवर. आजही फोनवर. त्या चाब्या देवरावच्या हातात दे. तोंडाकडे पाहून दे. मग त्याच्या मागं मागं फीर अन बापासारखा बोटानं पाहाले शीक. आज तू उडून नाही राहिला."